विश्लेषण : ड्यूक एक, वारस दोन! वेलिंग्टनचा किताब काकांना आणि बहिणीला कसा गेला?

दुसऱ्या महायुद्धात १६ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीतील सालेर्नोजवळ ब्रिटिश कमांडो तुकडीतील एक ३१ वर्षांचा अधिकारी मारला गेला. त्याचे नाव हेन्री वेलस्ली. तो वेलिंग्टनचा सहावा ड्यूक होता आणि स्पेनमधील स्युदाद रोद्रिगोचाही ड्यूक होता. लग्न झालेले नव्हते, मूलबाळ नव्हते. मागे आई, थोरली बहीण ॲन आणि वडिलांचे धाकटे भाऊ जेराल्ड, म्हणजे काका.

इंग्लंडचा किताब काकांना मिळाला. स्पेनचा बहिणीला. सव्वाशेहून अधिक वर्षे एकाच माणसाच्या नावामागे लागणारे दोन किताब एका दिवसात वेगळे झाले. त्यांच्यामागोमाग स्पेनमधील जमिनीचा प्रश्न लंडनच्या न्यायालयात गेला आणि तिथे झालेला निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही अभ्यासतात.

असईच्या लढाईशी संबंध काय?

या घराण्याचा मूळ पुरुष महाराष्ट्राला अनोळखी नाही. आर्थर वेलस्ली याने ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला, २३ सप्टेंबर रोजी आताच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, नंतर अकोला जिल्ह्यातील अडगाव आणि डिसेंबरमध्ये मेळघाटातील गाविलगड. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाचा दख्खनमधील निकाल त्याच चार-पाच महिन्यांत लागला.

गंमत अशी की या मोहिमांबद्दल त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली, पण वंशपरंपरेने चालणारा किताब नाही. तो मिळाला युरोपात नेपोलियनच्या फौजांशी लढल्यावर. १९ जानेवारी १८१२ रोजी त्याने पोर्तुगालच्या सीमेजवळचे स्युदाद रोद्रिगो हे तटबंदीचे शहर फ्रेंचांकडून जिंकले. स्पेनचा राजा सातवा फर्नांदो तेव्हा नेपोलियनच्या कैदेत होता. त्याच्या नावाने काडिझमधून कारभार पाहणाऱ्या सरकारने त्याच महिन्यात वेलस्लीला स्युदाद रोद्रिगोचा ड्यूक केले आणि ‘ग्रँडी’ म्हणजे स्पेनमधील सर्वोच्च दर्जाचा मानकरी ठरवले. पुढच्या वर्षी ग्रानादाजवळची मोठी जमीनही दिली. इंग्लंडने त्याला वेलिंग्टनचा ड्यूक केले ते १८१४ मध्ये. म्हणजे ड्यूक म्हणून स्पेनने त्याला दोन वर्षे आधी ओळखले!

पोर्तुगालने ‘व्हितोरियाचा ड्यूक’ केले आणि वॉटर्लूनंतर नेदरलँड्सने ‘वॉटर्लूचा प्रिन्स’. पोर्तुगाल १९१० मध्ये प्रजासत्ताक झाल्यावर तिथल्या किताबांना सरकारी आधार उरला नाही. खरा पेच झाला तो स्पेनचा.

एकाच घराण्यात दोन नियम का?

ब्रिटनमध्ये प्रत्येक किताबाची स्वतःची सनद असते. तो कोणाकडून कोणाकडे जाईल हे त्या सनदेतच लिहिलेले असते आणि बहुतेक सनदांमध्ये शब्द असतात : मूळ धारकाच्या औरस वंशातील पुरुष वारस. वेलिंग्टनची सनद अशीच. मुलगी कितीही थोरली असो, तिच्याकडे किताब जात नाही. भाऊ नसेल तर काका, काका नसेल तर चुलतभाऊ. पुरुषांच्या साखळीत कोणीच उरले नाही, तर किताब संपतो, पण मुलीला मिळत नाही.

अपवाद आहेत, पण तेही सनदेच्या शब्दांमुळेच. आपल्या परिचयाचे उदाहरण म्हणजे लॉर्ड माउंटबॅटन. त्यांना दोन मुलीच होत्या, म्हणून त्यांच्या सनदेत मुलींकडे किताब जाण्याची खास तरतूद केली गेली. १९७९ मध्ये त्यांची हत्या झाल्यावर थोरली मुलगी पॅट्रिशिया ‘काउंटेस माउंटबॅटन ऑफ बर्मा’ झाली. जुन्या काही इंग्लिश आणि स्कॉटिश किताबांतही स्त्रीला जागा आहे. वेलिंग्टनला मात्र नाही.

स्पेनचा जुना नियम यापेक्षा थोडा उदार होता. भावंडांमध्ये मुलगा आधी, मुलगी नंतर. पण मुलगी काकांच्या आधी. शेवटच्या धारकाची जवळची शाखा पूर्ण तपासून झाल्याशिवाय बाजूच्या शाखेकडे वळायचे नाही. हेन्रीनंतर त्याच्या वडिलांच्या शाखेत ॲन होती. त्यामुळे स्पेनच्या हिशेबाने काकांचा नंबर लागतच नव्हता.

यात आणखी एक गोंधळ होता. १९३१ मध्ये स्पेन प्रजासत्ताक झाल्यावर किताबांची कायदेशीर मान्यताच काढून घेण्यात आली होती. ती परत आली फ्रँकोच्या राजवटीत, १९४८ च्या कायद्याने. म्हणजे सालेर्नोत ड्यूक मारला गेला तेव्हा ज्या किताबावरून हा सगळा प्रश्न उभा राहिला, त्याला स्पेनच्या सरकारी दफ्तरात धड आधारही नव्हता.

मृत्युपत्रातील एक शब्द नडला

हेन्रीने दोन मृत्युपत्रे केली होती. एक इंग्लंडमधील मालमत्तेसाठी, दुसरे स्पेनमधील मालमत्तेसाठी. स्पेनच्या मृत्युपत्रात त्याने तिथली मालमत्ता अशा व्यक्तीला दिली, जी त्याच्यानंतर वेलिंग्टनची ड्यूक होईल ‘आणि’ स्युदाद रोद्रिगोचीही ड्यूक होईल.

ज्यांनी कधी प्रोग्रॅमिंग केले असेल त्यांना हा घोळ लगेच दिसेल. दोन अटी ‘आणि’ने जोडल्या की दोन्ही खऱ्या असाव्या लागतात. काका पहिली अट पूर्ण करत होते, बहीण दुसरी. दोन्ही पूर्ण करणारा माणूस जगात नव्हता. उत्तर : शून्य. पिढ्यान् पिढ्या दोन्ही किताब एकत्रच चालत आले असल्याने ते कधी वेगळे होतील, हे मृत्युपत्र करताना कोणाच्या ध्यानात आले नसावे.

मग ती जमीन कोणाची? १९४७ मध्ये लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात हा खटला न्यायमूर्ती विन-पॅरी यांच्यासमोर चालला. त्याआधी एक प्रश्न सोडवणे भाग होते : हा वाद कोणत्या देशाच्या कायद्याने सोडवायचा?

इंग्लंडचा नियम सांगतो की जमीन ज्या देशात, तिथला कायदा. म्हणजे स्पेनचा. स्पेनचा कायदा सांगतो की वारसाहक्क मृताच्या राष्ट्रीयत्वाप्रमाणे. म्हणजे इंग्लंडचा. इंग्लंड पुन्हा म्हणणार, जमीन स्पेनमध्ये आहे. एका सरकारी खिडकीवरून दुसरीकडे आणि तिथून परत पहिलीकडे पाठवतात, तसा प्रकार. या टोलवाटोलवीला कायद्यात ‘रेनव्हॉय’ म्हणतात.

हा केवळ तांत्रिक मुद्दा नव्हता. स्पेनचा देशांतर्गत कायदा लागू झाला असता, तर हेन्रीला आपल्या मर्जीने फक्त अर्धी मालमत्ता देता आली असती, कारण त्याच्या मृत्यूच्या वेळी आई हयात होती आणि तिथे अपत्यहीन, अविवाहित माणसाच्या आई-वडिलांचा वाटा राखीव असतो. इंग्लंडमध्ये तसे बंधन नाही. तिथे माणूस मृत्युपत्राने आपले सर्वस्व कोणालाही देऊ शकतो.

न्यायमूर्तींपुढचे काम विचित्र होते. हाच प्रश्न स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला असता तर त्याने काय ठरवले असते, हे लंडनमध्ये बसून सांगायचे. त्या न्यायालयाने यावर तोवर काही म्हटलेच नव्हते. तिथल्या खालच्या न्यायालयांचे दोन निकाल होते आणि ते एकमेकांच्या विरुद्ध. तिथल्या कायदेपंडितांतही दोन तट. यापेक्षा अवघड काम कल्पनेत आणणे कठीण, असे न्यायमूर्तींनी निकालपत्रात म्हटले आणि ते खोटे नव्हते.

अखेर त्यांनी ठरवले की स्पेनचे न्यायालय इंग्लंडचा कायदा लावेल आणि परत आलेला चेंडू स्वीकारणार नाही. त्यामुळे लूप तिथेच थांबला. इंग्लिश कायद्यानुसार, ‘आणि’ची अट पूर्ण करणारा कोणी नाही, म्हणून स्पेनच्या मृत्युपत्रातील ते दान निष्फळ, ती मालमत्ता इंग्लिश मृत्युपत्रातील उर्वरित मालमत्तेत जमा. ग्रानादाजवळच्या इयोरा गावाशी वेलिंग्टनच्या ड्यूकांचे नाते त्यानंतरही टिकले. २०१६ मध्ये सध्याच्या ड्यूकच्या मुलीचे लग्न त्याच गावच्या चर्चमध्ये झाले.

बहिणीने किताब सोडला, पण सोडता येतो का?

१९४९ मध्ये ॲन यांनी स्युदाद रोद्रिगोचा किताब काकांच्या नावे केला आणि दोन्ही किताब पुन्हा एकत्र आले. हे स्पेनमध्येच शक्य होते. तिथे हयातीत किताब दुसऱ्याला सुपूर्द करता येतो. एकाहून अधिक किताब असतील, तर ते मुलांमध्ये वाटूनही देता येतात. त्यासाठी सरकारी मंजुरी लागते, कर भरावा लागतो आणि ज्यांचा हक्क अधिक आहे, त्यांच्या हक्काला बाधा येत नाही. नंतर कोणी ‘माझा हक्क वरचा’ म्हणून न्यायालयात जाऊ शकतो. अखंड ४० वर्षे किताब एका शाखेकडे राहिला, तरच तो वाद कायमचा मिटतो.

ब्रिटनमध्ये असे काही नाही. १९६३ च्या कायद्याने वारसाहक्काने आलेला किताब स्वतःपुरता नाकारता येतो, पण तो दुसऱ्याला देता येत नाही. धारक मरेपर्यंत किताब तसाच पडून राहतो आणि मग सनदेप्रमाणे पुढे जातो.

या फरकामुळे किताब पुन्हा एकदा वेगळे झाले होते, पण या वेळी ठरवून. आठव्या ड्यूकने २०१० मध्ये स्पेनचा किताब मुलाला, चार्ल्स वेलस्ली यांना दिला. त्यामुळे वडील वेलिंग्टनचे ड्यूक आणि मुलगा स्युदाद रोद्रिगोचा, अशी स्थिती ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत होती. त्या दिवशी वडील वारले, वयाच्या ९९ व्या वर्षी, आणि चार्ल्स दोन्हीकडचे ड्यूक झाले.

२००६ नंतर काय बदलले?

स्पेनमध्ये थोरल्या बहिणींनी धाकट्या भावांवर खटले भरायला बराच आधी सुरुवात केली होती. १९८७ पासून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिले. १९९७ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ते चक्र उलटे फिरवले. किताब हे इतिहासाचे प्रतीक आहे, त्याला कोणताही भौतिक लाभ जोडलेला नाही, त्यामुळे पुरुषाला प्राधान्य दिल्याने समानतेचा भंग होत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. तो पटण्यासारखा नाही. किताबात काहीच नसेल, तर ते ‘काहीच नसणे’ फक्त भावालाच का?

शेवटी संसदेने ३० ऑक्टोबर २००६ चा कायदा केला. किताबाच्या वारशात स्त्री-पुरुष समान. जो आधी जन्मला तो वारस.

ब्रिटनमध्ये यासाठी २०१३ मध्ये उमरावांच्या सभागृहात आलेले विधेयक पुढे सरकले नाही. त्याच वर्षी राजगादीचा नियम मात्र बदलला. २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांमध्ये मुलगा-मुलगी भेद नाही, म्हणूनच राजकन्या शार्लट धाकट्या भावाच्या, लुईच्या, पुढे आहे. स्पेनमध्ये नेमके उलटे : उमरावांच्या मुलींना समान हक्क, पण राज्यघटनेतील गादीच्या क्रमात आजही मुलाला प्राधान्य. राजकन्या लिओनोर वारस आहे ती तिला भाऊ नाही म्हणून. एका देशाने राजवाडा सुधारला, दुसऱ्याने उमरावांचे वाडे!

पुन्हा फाटाफूट होईल?

लगेच नाही. सध्याच्या ड्यूकचे पहिले अपत्य मुलगाच आहे, त्यामुळे दोन्ही देशांचे नियम त्याच्याकडेच बोट दाखवतात. त्याच्यापुढच्या पिढीत मात्र जुळी भावंडे आहेत, एक मुलगी आणि एक मुलगा. ब्रिटनच्या सनदेला त्यांच्यात आधी कोण जन्मले याने काही फरक पडत नाही; वेलिंग्टनचा किताब मुलाच्याच शाखेत जाणार. स्पेनमध्ये सगळा प्रश्न त्या एका मिनिटाचा आहे. तिथल्या नागरी संहितेचे ३१ वे कलम त्यासाठीच आहे : जुळ्यांमध्ये जो आधी जन्मला, त्याला ज्येष्ठ अपत्याचे सर्व हक्क. मुलगी आधीची असेल, तर स्युदाद रोद्रिगो तिचे. तिला ते भावाला द्यावेसे वाटले, तर १९४९ मध्ये ॲन यांनी वापरलेला मार्ग खुला आहे. मात्र या वेळी कायदा तिला आधी विचारेल.