पालक कोण, एवढेच लिहून ठेवा

माहितीची चित्रे : भाग ६

मागच्या भागात आपण आकड्यांचे स्तंभालेख काढले. या आठवड्यात वृक्षाकृती.

महाभूलेख या संकेतस्थळावर सातबारा शोधताना आपण आधी जिल्हा निवडतो, मग तालुका, मग गाव. जालना निवडल्याशिवाय घनसावंगी समोर येत नाही आणि घनसावंगी निवडल्याशिवाय तीर्थपुरी. त्या याद्यांच्या मागे एक वृक्ष उभा आहे, पण तो आपल्याला दिसत नाही. सर्व्हरवरच्या माहितीतून तो ब्राउझरमध्ये काढायचा, आणि तोही फांदीवर बोट टेकवले की उघडणारा, मिटणारा.

सुरुवात चित्रापासून करू नये. सर्व्हरवरच्या तक्त्यात प्रत्येक ठिकाणासाठी एक ओळ ठेवावी : स्वतःचा संकेतांक, नाव आणि पालकाचा संकेतांक. एवढे पुरते. संकेतांक हवाच, कारण जालना हे नाव जिल्ह्याचे आहे, तालुक्याचे आहे आणि शहराचेही आहे. नावावर विसंबलो तर तिन्हींची सरमिसळ होईल. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी म्हणूनच प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला वेगळा क्रमांक देते.

ही साधी मांडणी किती भक्कम आहे, ते तीर्थपुरीच्या प्रशासकीय इतिहासातून कळते. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना जिल्हा वेगळा झाला. तेव्हा तीर्थपुरीचा परिसर अंबड तालुक्यात होता. आपल्या तक्त्यात या घटनेसाठी जालना जिल्ह्याची नवी ओळ लागते आणि अंबडसारख्या तालुक्यांच्या ओळींत पालक बदलावा लागतो. तीर्थपुरीच्या ओळीला हातही लावावा लागत नाही, तरी ती तालुक्याबरोबर नव्या जिल्ह्यात जाते. पुढे घनसावंगी तालुका झाला. तेव्हा मात्र तालुक्याची एक ओळ वाढली आणि त्यात गेलेल्या गावांचे पालक बदलले. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. तिथे फक्त नाव बदलले, संकेतांक आणि नाती जागच्या जागी राहिली. याउलट प्रत्येक गावासमोर 'औरंगाबाद, अंबड, तीर्थपुरी' असा पूर्ण मार्ग लिहून ठेवला असता, तर दर बदलाला शेकडो ओळी दुरुस्त कराव्या लागल्या असत्या.

आता पाठवणीकडे वळू. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत आणि गावे चाळीस हजारांहून अधिक. ती सगळी एकदम पाठवली तर साध्या मोबाइलवर पान अडकेल आणि वाचणाऱ्यालाही काही उमगणार नाही. म्हणून आधी विभाग आणि जिल्हे तेवढे पाठवावेत. प्रत्येकाबरोबर त्याच्या अपत्यांची संख्या द्यावी, म्हणजे पुढे उघडण्यासारखे काही आहे की नाही हे आधीच दाखवता येते. जालन्यावर बोट टेकवले की ब्राउझर त्याचा संकेतांक सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर आठ तालुके जेसन या मजकूर-स्वरूपात परत देतो. एकदा आलेली माहिती ब्राउझरने जवळच ठेवावी, म्हणजे फांदी मिटून पुन्हा उघडताना नेटवर्कची वाट पाहावी लागणार नाही.

कोणत्या ठिकाणाचा बिंदू चित्रात कुठे ठेवायचा, हे हाताने ठरवायचे नसते. जालना जिल्हा झाला त्याच १९८१ साली एडवर्ड राइनगोल्ड आणि जॉन टिलफर्ड यांनी त्याची नेटकी पद्धत प्रसिद्ध केली. ती टोकाकडून मुळाकडे जाते. शेजारच्या दोन फांद्या आधी आपापल्या जागी मांडायच्या, मग कोणत्याही पातळीवर त्यांच्यात ठरलेले अंतर राहील इतक्याच त्या जवळ आणायच्या, आणि पालकाला अपत्यांच्या मधोमध बसवायचे. त्यामुळे सारखी रचना असलेल्या फांद्या चित्रात कुठेही सारख्याच दिसतात. २०११ मध्ये माइक बोस्टॉक आणि सहकाऱ्यांनी आणलेल्या डी-थ्री या मोफत कोड-लायब्ररीत हीच पद्धत सुधारून वापरली आहे. ही लायब्ररी प्रत्येक बिंदूची जागा काढून देते, आपण तिथे एसव्हीजी या चित्र-स्वरूपातली वर्तुळे, रेषा आणि अक्षरे ठेवायची.

मराठी नावांसाठी वृक्ष आडवा काढावा, मूळ डावीकडे. 'छत्रपती संभाजीनगर' एवढ्या लांबीची नावे शेजारी शेजारी मावत नाहीत, एकाखाली एक मावतात. आपल्या अक्षरांना वर वेलांटी आणि खाली उकार असतो, म्हणून ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा थोडे जास्त ठेवावे. फांदी उघडताना प्रत्येक बिंदू संकेतांकाने ओळखून जुन्या जागेवरून नव्या जागेवर सरकवावा. चित्र एकदम पालटले तर पाहणाऱ्याची नजर हरवते.

शेवटचा धडाही तीर्थपुरीचाच. तिथे ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली आणि २०२१-२२ च्या हिवाळ्यात तिची निवडणूक झाली. महसुलाच्या वृक्षात गाव घनसावंगी तालुक्यातच राहिले, पण स्थानिक स्वराज्य संस्थांच्या वृक्षात जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या फांदीवरून नागरी संस्थांच्या फांदीवर गेले. एकाच तक्त्यात एकच पालक लिहिला तर यातले एक सत्य पुसले जाते. म्हणून ठिकाणांचा तक्ता एक ठेवावा आणि नात्यांचे तक्ते वेगळे : एक महसुलाचा, एक स्वराज्य संस्थांचा. नवे नाते लिहून घेताना कोणी स्वतःचाच पूर्वज ठरत नाही ना, हे सर्व्हरने तपासावे, कारण असे एक वर्तुळ झाले की वृक्ष काढताच येत नाही.

सरकारी कचेरीच्या भिंतीवरचा रचनेचा तक्ता रंगवला त्या दिवसाचे सांगतो. ब्राउझरमधला वृक्ष आजची स्थिती सांगू शकतो, पण त्यासाठी बदल झाला त्या दिवशी कोणीतरी पालकाचा रकाना दुरुस्त केलेला असावा लागतो. चित्रावर खर्च होणाऱ्या वेळापेक्षा जास्त वेळ या रकान्याला द्या.

पुढील भागात : वंशावळ. तिथे आई आणि वडील असे दोन पालक एकाच चित्रात दाखवायचे असतात आणि वृक्षाची मांडणी अपुरी पडते.