सरावलेला पाय ऐनवेळी का चुकतो

२६ नोव्हेंबर २०१० च्या रात्री बॉइसी स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ नेवाडा राज्यातल्या रीनो शहरात खेळत होता. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात धरून धडका देत पुढे सरकण्याचा. आयडाहोसारख्या विरळ वस्तीच्या राज्यातला हा संघ सलग २४ सामने जिंकून आला होता, आणि हाही जिंकला असता तर देशातल्या सर्वांत मानाच्या सामन्यांची दारं त्याला उघडण्याची शक्यता होती. ३१-३१ अशी बरोबरी असताना अगदी शेवटच्या क्षणी एका लांब पासने चेंडू गोलपोस्टच्या तोंडाशी आला आणि २६ यार्डांच्या, म्हणजे जेमतेम २४ मीटरच्या किकसाठी काईल ब्रॉट्झमन मैदानात उतरला. विद्यापीठाच्या तोवरच्या इतिहासात सर्वाधिक गुण ज्याच्या नावावर होते, तो हाच. चेंडू उजवीकडून बाहेर गेला. जादा वेळेत २९ यार्डांवरून पुन्हा संधी मिळाली, तेव्हा तो डावीकडून गेला. मग नेवाडाच्या किकरने ३४ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला आणि सामना ३४-३१ असा संपला. ब्रॉट्झमनवर शिव्याशापांचा भडिमार झाला. पोराने ऐनवेळी कच खाल्ली, असा एकमुखी निकाल लागला. हा निकाल मला केवळ निर्दय नाही, तर चुकीचा वाटतो. दडपणाखाली किकर चुकतो तो धैर्य कमी पडल्यामुळे किंवा लक्ष नसल्यामुळे नव्हे. बहुतेक वेळा तो नको तिथे फार लक्ष देतो म्हणून चुकतो.

हे पटण्यासाठी आधी किक जवळून पाहायला हवी. मधला खेळाडू वाकून, दोन पायांमधून चेंडू सुमारे सात यार्ड मागे फेकतो. गुडघा टेकून बसलेला होल्डर तो झेलतो, टोकावर उभा करतो, शिवणीची बाजू गोलपोस्टकडे फिरवतो आणि वरून एका बोटाने धरून ठेवतो. किकर तोवर निघालेला असतो: दोन-तीन पावलं, टेकणारा पाय चेंडूच्या शेजारी, दुसरा पाय फिरून पुढे. चेंडू मागे फेकल्यापासून पाय लागेपर्यंत साधारण १.३ सेकंद जातात, कारण याहून उशीर केला तर समोरचे धिप्पाड खेळाडू हात उंचावून अंगावर येतात. लक्ष्य असतं साडेअठरा फूट अंतरावरच्या दोन खांबांमधलं, दहा फूट उंचीच्या आडव्या दांडीच्या वरचं. एवढ्या वेळात विचार करून पाय हलवणं कुणालाच शक्य नाही. हजारो वेळा तीच हालचाल करून ती अंगात मुरलेली असते, म्हणूनच ती जमते. पण या १.३ सेकंदांच्या आधी मात्र वेळच वेळ असतो. बाकीचे खेळाडू तीन-साडेतीन तास झुंजत असतात आणि किकर कडेला उभा राहून जाळीत चेंडू मारत, आपली पाळी येईल का याची वाट पाहत असतो. खेळाची घाई इतरांना स्वतःविषयी विचार करू देत नाही. किकरला मात्र विचारासाठी सगळी दुपार मोकळी असते.

मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांनी १९८४ मध्ये मांडलं की दडपण वाढलं की माणूस स्वतःच्या कृतीवर पहारा ठेवू लागतो, आणि जी कृती आपोआप होत होती तीच या पहाऱ्यामुळे बिघडते. भराभर जिना उतरताना पाय कुठे पडतोय हे बघायला गेलं की अडखळायला होतं, तसंच हे. पुढे सियान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. त्यात आपण ओळखतो त्या फुटबॉलचे मुरलेले आणि नवशिके खेळाडू चेंडू पायाने खेळवत अडथळ्यांमधून नेत होते. एकदा त्यांना कानावर पडणाऱ्या शब्दांमधून ठरावीक शब्द ओळखायला सांगितलं, आणि एकदा चेंडूला पायाची आतली बाजू लागली की बाहेरची, याकडे लक्ष ठेवायला सांगितलं. नवशिक्यांना पायाकडे लक्ष दिल्याने फायदा झाला. मुरलेले खेळाडू मात्र उजव्या पायाने खेळताना पायाकडे लक्ष देताच मंदावले आणि शब्द ऐकण्यात गुंतले तेव्हा चांगले खेळले. याच मुरलेल्यांना कमी सरावाच्या डाव्या पायाने खेळायला लावलं, तेव्हा गणित उलटलं आणि पायाकडे लक्ष देणंच उपयोगी ठरलं. माणूस तोच आणि धैर्यही तेच, फक्त पाय बदलला. ‘लक्ष देऊन मार रे’ असं कडेवरून ओरडणारा प्रशिक्षक मुरलेल्या किकरला नेमका नवशिक्याचा सल्ला देत असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: दडपण सगळ्यांवरच असतं, खरा कणखर असतो तो निभावतो. ब्रॉट्झमनचंच उदाहरण घ्या. रीनोच्या आधी अकरा महिनेही झाले नव्हते, तेव्हा जानेवारी २०१० मध्ये फिएस्टा बोलच्या सामन्यात चौथ्या सत्रात १०-१० अशी बरोबरी होती. चेंडू लाथाडून दूर पाठवण्याचं नाटक करून ब्रॉट्झमनने अचानक हाताने पास फेकला. तो चुकला असता तर प्रतिस्पर्ध्याला चेंडू मोक्याच्या जागी मिळाला असता. पास पोचला, त्या चालीतून विजयी गुण आले आणि बॉइसी स्टेट १७-१० ने जिंकलं. हा मुलगा भित्रा होता असं कोण म्हणेल? व्यावसायिक फुटबॉलमध्ये ज्याच्या थंड डोक्याचे दाखले दिले जातात त्या अ‍ॅडम विनातिएरीनेही २००४ च्या सुपर बोलमध्ये पूर्वार्धात दोन किक गमावल्या, एक बाहेर गेली आणि एक अडवली गेली. त्याच संध्याकाळी, चार सेकंद उरले असताना, ४१ यार्डांवरून त्यानेच सामना जिंकून दिला. काही तासांत माणसाचा स्वभाव बदलत नाही. त्यामुळे चुकलेल्या किकचं कारण स्वभावात शोधणं फोल आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो माझ्याही मांडणीला लागू पडतो. कॉलेजातले किकर ३० यार्डांच्या आतल्या किक दहापैकी साधारण नऊ वेळा साधतात, म्हणजे एखादी सहज चुकते. ती सामन्याच्या दुसऱ्या मिनिटाला चुकली तर कुणी दडपणाचं नाव घेत नाही. शेवटच्या मिनिटाला चुकली की आपण कारण शोधू लागतो. हे बरोबर आहे. रीनोतल्या दोन किक दडपणानेच चुकल्या असं कुणी सिद्ध करू शकणार नाही, मीही नाही. पण यातून निघतं ते एवढंच, की एका चुकीवरून माणसाविषयी काहीही ठरवता येत नाही. दडपणाचा परिणाम असतो की नाही, हे प्रयोगांतून आणि शेकडो किकांच्या नोंदींतून तपासावं लागतं. तिथेही चित्र स्वच्छ नाही. किक मारण्याच्या क्षणी समोरच्या प्रशिक्षकाने मुद्दाम टाइम-आउट घेऊन किकरला ताटकळत ठेवायचं, ही जुनी चाल आहे. स्कॉट बेरी आणि क्रेग वुड यांच्या २००४ च्या अभ्यासात व्यावसायिक किकरांवर तिचा परिणाम दिसला. टोबियस मॉस्कोविट्झ आणि जॉन वर्थाइम यांनी २०११ मध्ये मोठी आकडेवारी तपासली, तेव्हा तो सापडला नाही. माझ्या मते ही विसंगती समजण्यासारखी आहे. त्या एका मिनिटात किकर काय करतो यावर सगळं अवलंबून असतं. पावलं मोजत आणि चुका आठवत उभा राहणारा बिघडतो, ठरलेला क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू करणारा बिघडत नाही.

म्हणूनच उपायही उपदेशात नाही, सरावाच्या पद्धतीत आहे. रिच मास्टर्स यांनी १९९२ मध्ये गोल्फ न येणाऱ्यांना दोन तऱ्हांनी शिकवलं. काहींना सविस्तर सूचना दिल्या. काहींना सूचनाच दिल्या नाहीत, उलट शिकताना मनाला येतील ती अक्षरं सतत उच्चारायला लावली. मग बक्षिसाचं आणि परीक्षकाचं दडपण आणलं, तेव्हा सूचना घोकलेले अडले. सूचनांविना शिकलेल्यांची प्रगती चालूच राहिली, कारण दडपणात चाळत बसायला त्यांच्याजवळ नियमच नव्हते. नेदरलँड्समधल्या राउल आउडेयान्स आणि रॉब पाइपर्स यांनी लोकांकडून गिर्यारोहणाच्या भिंतीवर उंच लटकून डार्ट फेकण्याचा सराव करून घेतला. थोड्या भीतीत सराव केलेले लोक पुढे मोठ्या भीतीतही टिकले. सरावाच्या शेवटी सगळा संघ किकरभोवती उभा करून आरडाओरडा करण्याची प्रथा अमेरिकेतल्या अनेक संघांत आहे. ती टवाळी वाटली तरी त्यात तथ्य आहे, मात्र एक अट आहे. ओरडणाऱ्यांनी किक चुकल्यावर त्याच्या पाठीवर थाप मारली पाहिजे. भीतीचा सराव आणि अपमानाचा सराव या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्यातून फक्त स्वतःवरचा पहारा वाढतो.

हा पहारा आता मैदानाबाहेरूनही वाढवला जातो, आणि हे मला सर्वांत जास्त खुपतं. ३० नोव्हेंबर २०१३ ला ऑबर्नविरुद्धच्या सामन्यात अलाबामाच्या केड फॉस्टरच्या तीन किक वाया गेल्या, आणि या कॉलेजातल्या मुलाला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. फॉस्टरच्या शर्टावरचा क्रमांक ४३ होता. त्रेचाळिसावे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्याला स्वतःच्या हाताने धीराचं पत्र लिहिलं. ते मनाचं मोठेपण खरंच, पण दर चुकलेल्या किकमागे असं पत्र येत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याची केंद्रीय बंदी उठवल्यापासून राग काढणाऱ्यांत पैसे हरलेलेही आहेत. मार्च २०२४ मध्ये कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी एकेका विद्यार्थी खेळाडूच्या कामगिरीवर लागणारा सट्टा बंद करण्याची मागणी राज्यांकडे केली. काही राज्यांनी ती मानली. जिथे मानलेली नाही, तिथे किकरच्या एका पावलावर अनोळखी माणसं पैसे लावतात आणि हरल्यावर त्याचा फोन गाठतात. नीट किक न मारणाऱ्याला संघाबाहेर बसवण्याचा प्रशिक्षकाचा हक्क कुणी नाकारत नाही. तो निर्णय वर्षभराच्या नोंदी बघून घ्यावा. आणि विशीतल्या विद्यार्थ्याला धमकी देणाऱ्याचा माग विद्यापीठाने पोलिसांकरवी काढावा, तो मुलाच्या सहनशक्तीवर सोडू नये.