डाग दिसले, निदान झालं का?

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारीचा हात अडखळायला लागला, किंवा रोह्यात चोख हिशेब ठेवणारी चाळिशीतली गृहिणी दूध उतू गेलं तरी नुसती बघत बसली, तर घरचे काय म्हणतात? ‘पाळी जायची वेळ आली’, ‘टेन्शन घेते’. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण स्वभावच पालटला, चाल बिघडली, तर मेंदूचा विचार करायला हवा.

मेंदूतल्या पेशींना जोडणाऱ्या तारांवर, वायरवर प्लास्टिक असतं तसं, चरबीचं आवरण असतं. हा मेंदूचा पांढरा भाग. एमआरआयमध्ये तिथे डाग दिसले की घरात घबराट उडते. पण मैत्रिणींनो, डाग म्हणजे निदान नव्हे! रक्तदाब, मधुमेह, अर्धशिशी, बी-१२ची कमतरता, मल्टिपल स्क्लेरोसिस, नुसतं वाढतं वय, कशानेही डाग दिसू शकतात.

या गर्दीत एक दुर्मिळ आजार लपून राहतो, एएलएसपी. १९८४ मध्ये स्वीडनमधल्या एका कुटुंबात तो नोंदला गेला. त्यामागचा सीएसएफ१आर या जनुकातला दोष २०११च्या अखेरीस सापडला. आजार साधारण चाळिशीत सुरू होतो, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा थोडा आधीच. डिप्रेशन, स्मृतिभ्रंश, पक्षाघात किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस समजून उपचार होत राहतात. औषधं बदलतात, गुण येत नाही, आणि वर्षं निघून जातात.

खुणा असतात, पण त्या शोधाव्या लागतात. डाग मेंदूच्या पुढच्या भागात जास्त आणि दोन्ही बाजूंना सारखे नसतात. दोन अर्धगोलांना जोडणारा पट्टा पातळ होतो. काही ठिपके महिनोन्‌महिने चमकत राहतात. पक्षाघातात ते काही आठवड्यांत विझतात. कॅल्शियमचे बारीक कण मात्र एमआरआयपेक्षा साध्या सीटी स्कॅनमध्ये चांगले दिसतात. म्हणून ‘आता एमआरआय झालाय’ म्हणून जुनी सीटीची फिल्म माळ्यावर टाकू नका.

पनवेल-मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे जाताना सगळ्या फिल्म, सीडी आणि रिपोर्ट एका पिशवीत न्या. कोणता त्रास कधी सुरू झाला, ते वहीत लिहा. माहेरी-सासरी नव्हे, तर रुग्णाच्या आईच्या आणि वडिलांच्या, दोन्हीकडच्या नात्यात कुणाला तरुणपणी ‘वेड’ लागलं होतं का, हेही सांगा. लाज कसली त्यात?

पक्कं निदान रक्तातल्या जनुकाच्या तपासणीने होतं. दोष असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते; म्हणून तपासणीआधी समुपदेशन घ्यावं. खात्रीचा इलाज अजून नाही. निवडक रुग्णांत मूळपेशींचं प्रत्यारोपण झालं आहे, पण ते लवकर करावं लागतं. आणि बी-१२सारखं साधं कारण निघालं, तर ते वेळेत भरून काढता येतं. दोन्ही बाबतीत उशीरच महागात पडतो.