दाताच्या खुर्चीत चक्कर आली तर



दाढ काढायला गेलेल्या बाईला खुर्चीतच घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, असं गटाच्या बैठकीत कुणीतरी सांगतं. मग "दाढेची नस डोक्यात जाते" अशी चर्चा रंगते आणि चार जणी दुखणं अंगावर काढतात. म्हणून आज हाच विषय घेतला.

दातांच्या दवाखान्यात सगळ्यात जास्त दिसते ती साधी भोवळ. भीतीने किंवा दुखण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते, मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. डॉक्टर लगेच खुर्ची आडवी करतात आणि पाय वर घेतात. बहुतेक वेळा बाई मिनिटा-दोन मिनिटांत डोळे उघडते. सोबत आलेली माणसं मात्र तिला उठवून बसवतात, तोंडात पाणी ओततात. दोन्ही चुकीचं. बसवलं की रक्त परत खाली उतरतं आणि पाणी श्वासनळीत जाऊ शकतं. दिवस भरत आलेल्या गरोदर बाईला डाव्या कुशीवर वळवायचं, कारण उताणं झोपल्यावर गर्भाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर पडतो.

आता शुगरवाल्यांचं. आपल्या घाटीच्या आवारात १९८२ पासून शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. फुलंब्री, पैठण, कन्नडहून बायका पहाटेच्या एसटीने निघतात. शुगरची गोळी घेतलेली असते, पण दाढ दुखते म्हणून घास गेलेला नसतो, नाहीतर उपवास असतो. केसपेपर काढून नंबर येईपर्यंत उन्हं वर येतात. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की हात थरथरतात, गार घाम येतो, बाई असंबद्ध बोलायला लागते. शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, शिरेतून ग्लुकोज देणं डॉक्टरांचं काम. साधी दाढ जागेवर बधिर करून काढायची असेल, तर पोटभर खाऊन जा. उपवास असेलच तर साबुदाण्याची खिचडी खाऊन जा, देव रागावत नाही. पूर्ण भूल द्यायची असेल तर उपाशी यायला डॉक्टर स्वतःच सांगतात.

"मला इंजेक्शन सोसत नाही" असं पुष्कळ जणी सांगतात. नेमकं काय झालं होतं ते सांगा. बधिर करण्याच्या औषधात बहुतेक वेळा थोडं अॅड्रेनालिन मिसळलेलं असतं, त्याने काही मिनिटं छाती धडधडते. ती अॅलर्जी नव्हे. अंगावर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, घशात घरघर, ही अॅलर्जीची लक्षणं. गंमत अशी, की त्यावरचा पहिला उपायही अॅड्रेनालिनच, मांडीच्या स्नायूत ताबडतोब टोचलेलं. हे औषध आणि ऑक्सिजन दवाखान्यात आहे का, असं विचारायला लाजू नका. रस्त्याकडेला कवळ्या बसवणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं.

फिट आली तर डॉक्टर आधी तोंडातली अवजारं काढतात, मग रुग्णाला कुशीवर करतात. कांदा, चप्पल हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. झटके ५ मिनिटांत थांबले नाहीत तर १०८ ला फोन करा. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून मोफत आहे.

सगळ्यात फसवं दुखणं मात्र दाताचं नसतंच. जिना चढताना, हंडा उचलताना खालचा जबडा दुखतो आणि थांबलं की दुखणं थांबतं, असं असेल तर ते हृदयाचं असू शकतं. लवंग लावून बसू नका, ईसीजी काढा. जबड्यासोबत छातीत दाब, घाम, मळमळ, धाप असेल तर दाताच्या डॉक्टरांकडे न जाता सरळ १०८ बोलवा.

दाढ काढायला जाताना गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका. "पांढरी छोटी गोळी" एवढ्यावरून डॉक्टरांना काही कळत नाही. रक्त पातळ होण्याची गोळी असेल तर तसं सांगा, पण ती आपल्या मनाने बंद करू नका. दाढेचं रक्त कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरला की बहुधा थांबतं. गोळी बंद केल्याने हृदयात किंवा मेंदूत गुठळी झाली, तर ती अशी दाबून थांबवता येत नाही.