बावीस गुंठे

वांगणीच्या पुढे उल्हास नदीच्या काठाला एका काकूंचं दीड एकर रान आहे. भेंडी मात्र 22 गुंठ्यांतच. बाकीच्या रानात कडवे वाल. नदी बांधाला लागून वाहते, तरी एवढीच भेंडी का, हे पाहायला मी गेले होते.

उन्हाळ्यात या नदीला पाणी असतं ते घाटमाथ्याच्या ठोकरवाडी धरणामुळे. ते घाट उतरून भिवपुरीच्या टाटा वीजघरात येतं, 1922 पासून येतंय, आणि टर्बाइन फिरवून झालं की नदीत सुटतं. विजेची मागणी वाढली की पाणी सुटणार, मागणी उतरली की थांबणार. भेंडीची तहान त्या हिशेबात नाही. खाली बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंतच्या नळांची भिस्तही याच नदीवर.

काकूंचे यजमान अंबरनाथच्या कारखान्यात पाळीवर जातात, त्यामुळे पाणी उपसायचं इंजिन काकूच चालवतात. हँडल फिरवलं, डिझेलचा धूर नाकात गेला, पाइप थरथरला आणि पाटात पाणी धावलं. सऱ्या भरत आल्या होत्या. अर्ध्या तासाने इंजिनाचा आवाज एकदम मोकळा झाला. पाणी उतरलं होतं, पाइपच्या टोकाचा फुटवॉल उघडा पडून हवा ओढत होता. काकूंनी इंजिन बंद केलं, साडी खोचली आणि मांडीएवढ्या पाण्यात उतरून पाइप आत ढकलला. चिडल्या नाहीत. त्या हातांची सवय मला अजून आठवते.

भेंडी दिवसाआड तोडावी लागते. पाण्याचा एक खाडा पडला की शेंग जून होते, बाजारात कुणी हात लावत नाही. भाताच्या रानात उरलेल्या ओलीवर आणि दवावर वाल होतो. त्याला इंजिन लागत नाही, पण पैसाही कमी. म्हणून 22 गुंठे. पाणी चुकलं तरी घरच्या दोन माणसांनी हंड्याने जगवता येईल, एवढंच रान.

पाण्याची किंमत रुपयांत विचारणाऱ्यांनी हे रान पाहावं. काकूंनी ती किंमत रान पडीक न ठेवता, वाल लावून मोजली आहे.

“जास्ती पाणी नको गं,” त्या म्हणाल्या. “कधी सुटणार ते आदल्या दिवशी कळू दे. चाळीस गुंठे लावते. डिझेलचं माझं मी बघते.”

वीजघराला उद्याचा अंदाज आजच लागतो. तो नदीकाठच्या गावांना एका फोनवर कळवायला खर्च किती येणार?