जोड कुठं आहे ते बघ

गेल्या पावसाळ्यात अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. "मामा, ट्रॅव्हल ट्रेलर घेऊ की फिफ्थ व्हील?" गाडीमागे ओढून न्यायचं घर त्याला घ्यायचं होतं. तो राहतो इंडियानात. अमेरिकेतली अशी फिरती घरं सर्वांत जास्त त्याच राज्यातल्या एल्कहार्ट भागात बनतात, म्हणजे गंगेकाठी बसून तो मला पाणी मागत होता. आमच्या डहाणूत पिकअप म्हणजे चिकूचे क्रेट घेऊन पळणारी बोलेरो, आणि ट्रेलर म्हणजे न्हावाशेवाहून गुजरातकडे निघालेला कंटेनर. "बघून सांगतो," म्हणालो आणि विषय टाळला.

पण तलासरीपुढे अच्छाडजवळ, गुजरातच्या हद्दीलगत, एका ढाब्यावर चहा घेत होतो तेव्हा त्याचं उत्तर समोरच उभं दिसलं. एका बाजूला गवताच्या भाऱ्यांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. शेजारी कंटेनरचा ट्रेलर. ट्रॉलीचा दांडा ट्रॅक्टरच्या पाठीमागे, बाहेर, एका पिनेत अडकवलेला. कंटेनरचं मात्र तसं नव्हतं. त्याचा पुढचा भाग ओढणाऱ्या गाडीच्या, म्हणजे ड्रायव्हर लोक ज्याला घोडा म्हणतात त्याच्या, पाठीवर चढून बसला होता.

भाच्याचे दोन पर्याय ते हेच. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे ट्रॉलीचा भाऊ: गाडीच्या बंपरमागे गोळा असतो, त्यावर ट्रेलरच्या दांड्याचं तोंड बसतं. फिफ्थ व्हील म्हणजे कंटेनरचा भाऊ: पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे, ग्रीस लावलेली पोलादी थाळी बसवतात. घराच्या पुढच्या भागातून खाली आलेली किंगपिन त्या थाळीच्या खाचेत शिरते आणि जबडा मिटतो. कंटेनरच्या किंगपिनचा व्यास दोन इंच असतो. एवढ्याशा पिनेवर तीस-चाळीस टनांचं धूड चारोटीचा उतार उतरतं, हे कळल्यापासून मी हायवेवर ट्रेलरच्या फार जवळ गाडी ठेवत नाही.

आपल्या कायद्यानंही हा फरक ओळखलेला आहे. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 2 मध्ये ट्रेलर आणि सेमी-ट्रेलर यांच्या व्याख्या वेगवेगळ्या आहेत. ज्याचा काही भाग ओढणाऱ्या गाडीवर आरूढ होतो आणि ज्याच्या वजनाचा काही वाटा ती गाडी पेलते, तो सेमी-ट्रेलर. फिफ्थ व्हीलचं सगळं मर्म या एका वाक्यात आलं.

आता हे 'पाचवं चाक' कुठून आलं? घोडागाड्यांतून. चार चाकांच्या बग्गीचा पुढचा आस वळावा म्हणून त्याच्यावर एक आडवं कडं बसवत. चार उभी चाकं आणि हे पाचवं, आडवं. 1914 मध्ये डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रुहॉफ नावाच्या लोहारानं एका लाकूड व्यापाऱ्याची होडी फोर्ड मोटारीमागे नेण्यासाठी गाडा करून दिला आणि त्याला सेमी-ट्रेलर हे नाव दिलं. राहण्याचं घर असं जोडण्याची कल्पना विमानवाल्या ग्लेन कर्टिसची. त्याच्या एरोकारमध्ये जोडाच्या जागी विमानाचं टायर आडवं बसवलेलं असे, धक्के शोषायला.

जोडाच्या जागेला एवढं महत्त्व का, ते बैलगाडी हाकलेल्या माणसाला लवकर कळतं. माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त भरला तर बैलांची मान मोडते. गाडीवान दोन पोती पुढे सरकवतो आणि काम भागवतो. ट्रॅव्हल ट्रेलरला हाच नियम आकड्यांत सांगतात: एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार पुढच्या दांड्यावर यायला हवा. कमी पडला तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. बाजूनं मोठा ट्रक वेगात गेला, की त्या वाऱ्याच्या झोतानंही सुरुवात होते. जोड मागच्या चाकांच्या बराच मागे असल्यामुळे ट्रेलरचा प्रत्येक हेलकावा ओढणाऱ्या गाडीला तरफेसारखा ढकलतो. वजन वाटून देणारे पोलादी दांडे आणि हेलकावा रोखणारी यंत्रणा लावून हे बरंच आवरतं, पण मुळातला दोष जात नाही.

फिफ्थ व्हीलमध्ये जोड आसावरच असल्यानं तरफच उरत नाही. म्हणून ते घर हायवेवर शहाण्यासारखं मागून येतं. याचं मोल मात्र पिकअपला द्यावं लागतं. तिथं किंगपिनवर 15 ते 25 टक्के वजन येतं. भाच्याला जे आवडलं होतं ते घर भरल्यावर साडेपाच टनांचं. वीस टक्के धरले तरी 1,100 किलो थेट हौद्यात. त्याची पिकअप 'हाफ टन' वर्गातली. अशा गाड्या साधारण 700 ते 900 किलो पेलतात आणि त्यातच नवरा-बायको, दोन पोरं, कुत्रा. ओढण्याची क्षमता जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापतात. पेलण्याची क्षमता चालकाच्या दारालगत एका लहानशा लेबलावर असते. भाच्यानं ते लेबल वाचलेलंच नव्हतं.

"म्हणजे आधी घर नाही, आधी गाडी," मी म्हणालो. त्याला हे फारसं आवडलं नाही, कारण फिफ्थ व्हीलमधली ती उंच छताची खोली सूनबाईंना पसंत पडली होती.

राहायला ते घर खरंच ऐसपैस. हौद्यावर येणाऱ्या भागात झोपायची खोली, तिथं चढायला दोन-तीन पायऱ्या, खाली सामानाला तळघरासारखे कप्पे. महिनोन्‌महिने राहणाऱ्यांनी तेच घ्यावं. पण हौदा अडतो, उंची चार मीटरच्या आसपास जाते, वळणावर मागची चाकं आत कापत जातात. आखूड हौद्याच्या पिकअपला तर वळताना घराचा कोपरा केबिनवर आदळू नये म्हणून सरकती थाळी लागते. ट्रॅव्हल ट्रेलर साध्या एसयूव्हीमागेही जातो आणि मुक्कामी सोडून ठेवला की गाडी बाजारात न्यायला मोकळी. अमेरिकेत काही राज्यांत चालत्या फिफ्थ व्हीलमध्ये बसू देतात. मी तरी घरच्यांना दोन्हींत बसू देणार नाही.

आपल्याकडे ओढून न्यायच्या घराची हौस नवी, गरज जुनी. बीडकडून ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडं एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावून जातात: चुली, कोंबड्या, म्हातारी माणसं, सगळं त्यातच. मागची ट्रॉली कशी झोकांड्या खाते ते ज्यानं पाहिलंय, त्याला शेपटी हलवणं म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. त्यांना मात्र कुणी कॅरॅव्हॅन पर्यटक म्हणत नाही.

महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं, तेव्हा आमच्याकडेही चर्चा झाली. 20 जून 1991 च्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरलेला, त्यामुळे पक्क्या बांधकामापेक्षा चाकांवरचा मुक्काम बरा, हा विचार वाईट नाही. पण फिफ्थ व्हील इथं कल्पून बघा. नरपडहून चिखले, घोलवड करत बोर्डीला जाणारा किनाऱ्याचा रस्ता, वाड्यांमधून डोकावणाऱ्या चिकूच्या फांद्या, त्यांवर विजेच्या तारा, समोरून एसटी. चार मीटर उंचीचं घर इथं कशाला न कशाला अडकणारच. एका आसाचा, कमी उंचीचा छोटा ट्रेलर चालेल. त्याचीही वेगळी नोंदणी लागते, ओढणाऱ्या गाडीच्या कागदांवर भागत नाही. आणि मैलापाण्याची टाकी कुठं रिकामी करायची ते ठरल्याशिवाय कुणी वाडीत ट्रेलर उभा करू देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते त्या मातीच्या जोरावर.

भाच्यानं अखेर पिकअप बदलली नाही. साडेसहा मीटरचा ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, वजन दांडे लावून वाटलं, पाण्याची टाकी भरून काट्यावर तोलून आणला. पहिल्या सहलीहून फोन आला तेव्हा तक्रार एकच होती: मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवावं तर ट्रेलर उजवीकडे जातो. आमच्याकडे तलासरीच्या बाजारात ट्रॅक्टरवाली पोरं ट्रॉली एका हातानं मागे लावतात. त्यातल्या एकाचा व्हिडिओ काढून त्याला पाठवला आहे.