धर्मोपदेशक व्हायला निघालेला मास्तर

अमेरिकेतील येल विद्यापीठाचे नाव नगरला जुने आहे. अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ॲलन ह्यूम तिथलेच पदवीधर. 1878मध्ये त्यांनी नगरला धर्मशिक्षणाचे विद्यालय काढले. त्यांच्याविषयी वाचताना येलचाच आणखी एक विद्यार्थी भेटला: आमोस ॲलन्झो स्टॅग. त्यांनाही धर्मोपदेशक व्हायचे होते. पण व्यासपीठावर बोलणे जमेना. त्यांनी मैदान धरले.

त्यांचा फुटबॉल म्हणजे आपला नव्हे. चेंडू हातात घेऊन धावायचे, अंगावर येणाऱ्याला आडवे करायचे, असा तो अमेरिकी खेळ. 1890मध्ये स्टॅग स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण विद्यालयात गेले आणि तिथे संघ उभा केला. त्यात जेम्स नायस्मिथ खेळत. त्यांनीच 1891मध्ये बास्केटबॉल शोधला. पुढे स्प्रिंगफील्डचेच हॅरी क्रो बक यांनी 1920मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाची संस्था काढली. आपल्याकडचे पी.टी.चे सर ज्या अनेक वाटांनी आले, त्यांतली ही एक.

स्टॅग यांच्या कारकिर्दीत मला सर्वांत मोलाची वाटते ती 1892ची नेमणूक. येलमध्ये त्यांना शिकवलेले हिब्रूचे पंडित विल्यम रेनी हार्पर हे नव्या शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले होते. त्यांनी स्टॅगना शारीरिक शिक्षण विभागाचे प्रमुख केले, तेही कायम प्राध्यापकपद देऊन. एरवी प्रशिक्षक हंगामापुरता बोलावलेला गडी. दोन सामने हरला की गाशा गुंडाळायचा. स्टॅग यांची नोकरी निकालावर टांगलेली नव्हती, म्हणून ते 41 हंगाम टिकले. (आपल्याकडे अजूनही गणिताचे सर रजेवर गेले की पी.टी.च्या सरांना वर्ग सांभाळायला पाठवतात.) मात्र या पदामुळे खेळ शिक्षणाच्या चौकटीत राहिला, असे नाही. विभागाचा पैसा आणि कारभार बराचसा स्टॅग यांच्याच हाती होता, आणि शिकागोचा फुटबॉल विद्यापीठाची मोठी जाहिरात होऊन बसला.

सत्तरी झाल्यावर नियमावर बोट ठेवून त्यांना निवृत्त केले गेले. नाममात्र पद त्यांनी नाकारले आणि 1933पासून कॅलिफोर्नियातील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये आणखी 14 हंगाम शिकवले. 1943मध्ये, वयाच्या 81व्या वर्षी, ते वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. शिकागोने 1939मध्येच फुटबॉल बंद केला होता. 2 डिसेंबर 1942 रोजी स्टॅग फील्ड या त्यांच्याच नावाच्या मैदानावर, ओस पडलेल्या प्रेक्षक-सज्ज्याखाली, एन्रिको फर्मी यांनी पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली.